तौनो भावोजींची शंभर काडतुसं

तौनो भावोजींचा जगात कुणावरच विश्वास नव्हता, आणि गंमत म्हणजे त्याचं कुणालाच वाईट वाटायचं नाही. दुसऱ्यानं मारलेली गाठ ते सोडून परत मारायचे. दुसऱ्यानं लावलेलं दार एकदा ओढून बघायचे. मी अठ्ठावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचा स्वयंपाक केला, पण माझ्या हातच्या सूपची चमचाभर चव घेतल्याशिवाय भावोजींनी कधी वाडगा पुढं ओढला नाही. "मीठ बरोबर पडलंय आज, आयली," असं म्हणायचे, म्हणजे माझी परीक्षा होती आणि मी काठावर पास झाले. काऊंटीची बर्फ काढायची गाडी त्यांनी एकतीस वर्षं चालवली. दुसऱ्या ड्रायव्हरनं साफ केलेल्या रस्त्यावरूनही ते येता येता एकदा फाळ फिरवून यायचे, आणि तो ड्रायव्हर शिव्या घालायचा.

अशा माणसानं दुकानातलं काडतूस बंदुकीत घालणं शक्यच नव्हतं. कुठल्याशा कारखान्यात कुणी बाई शुक्रवारी दुपारी घरी जायच्या घाईत काडतुसं भरते, असं त्यांचं म्हणणं होतं. ती बाई त्यांनी मनातच उभी केली होती आणि तिच्यावर त्यांचा चांगलाच राग होता. त्यामुळे आमच्या शिकारीच्या कॅम्पवरच्या पाचही जणांची काडतुसं भावोजीच भरायचे. प्रत्येकी वीस. ते स्वतः, त्यांचा मुलगा डेल, वेस हेकिनन, वेसचा भाऊ गॉर्डी आणि मी. माझा नवरा युजीन गेल्यावर त्याची रायफल मी घेतली, त्याची कॅम्पवरची खाटही घेतली, आणि कुणी काही बोलायच्या आत त्याच्यापेक्षा मोठं हरीण मारून आणलं. तेव्हापासून माझी वीस काडतुसं न मागता निघतात.

गोळ्या ओतायचं काम उन्हाळ्यात, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, मागच्या पडवीत, दार-खिडक्या उघड्या टाकून. टायरांना लावायची शिशाची वजनं काऊंटीच्या गॅरेजातून डबे भरभरून आणलेली असायची. ती वितळली की भावोजी त्यात मेणबत्तीचा तुकडा टाकायचे, भडका उडायचा, धूर व्हायचा, आणि सगळी घाण वर तरंगायला लागली की जुन्या डावानं ती काढून टाकायचे. मग पळीनं साच्यात शिसं ओतायचं, लाकडी दांडक्यानं साच्याचं झाकण ठोकायचं, साचा उघडला की गोळी टपकन जुन्या टॉवेलवर. पहिल्या दहा-बारा सुरकुतलेल्या निघायच्या, कारण साचा थंड असायचा. त्या परत भांड्यात. पुढं चांगल्या निघायला लागल्या तरी भावोजी एकेक उचलून डोळ्यांसमोर फिरवायचे आणि दहातल्या तीन परत भांड्यात टाकायचे. आम्हा बाकीच्यांना त्या तीनमध्ये काय वाईट होतं ते कधी कळलं नाही. सगळ्या गोळ्या नाकाशी चपट्या. आमच्या लिव्हर ओढून चालवायच्या रायफलींत काडतुसं बंदुकीच्या नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक आडवी बसतात, मागच्याचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकून. नाक टोकदार असलं आणि पुढच्याच्या बुडाच्या टिकलीवर आपटलं, तर बंदूक हातातच फुटायची.

काडतुसं भरायची नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, तळघरात. आणि इथंच सगळ्या जगात एकच माणूस होता ज्याच्यावर भावोजींचा विश्वास होता. माझी थोरली बहीण हेल्मी. त्यांची बायको.

त्या कामाची रीत अशी. पन्नास भोकांची एक लाकडी फळी, दहा-दहाच्या पाच ओळी. त्यात रिकाम्या पितळी नळ्या तोंड वर करून उभ्या. भावोजी प्रत्येकीत मापानं दारू सोडायचे. ओतीव गोळीला दारू थोडीच लागते, नळी अर्धीही भरत नाही. म्हणून चुकून दोनदा पडली तरी नळी वर भरून येत नाही, आतच मावते, आणि बाहेरून काही कळत नाही. ते झाडणाऱ्यालाच कळतं, बंदूक तोंडाशी फुटते तेव्हा. त्यामुळे भरणाऱ्यानं भरायचं आणि दुसऱ्यानं बघायचं. भरणाऱ्यानं स्वतः बघायचं नाही, कारण आपण बरोबर भरलंय असं त्याला आधीच वाटत असतं. ताई एप्रनला हात पुसत खाली यायची, टॉर्च घेऊन एकेका नळीत डोकवायची आणि म्हणायची, "पहिली ओळ बरोबर." मग भावोजी त्या ओळीवर गोळ्या बसवायचे. चव्वेचाळीस वर्षं हे असं चाललं. ताईला बंदुकीचा आवाजही सहन व्हायचा नाही. पण भावोजींनी अख्ख्या आयुष्यात परत न तपासलेली गोष्ट कुठली असेल, तर तिचं ते 'बरोबर'.

ताई मार्चमध्ये गेली. दोन दिवस छातीत जड वाटतंय म्हणत होती, तिसऱ्या दिवशी उठलीच नाही. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, माझी वेणी घालणारी, मला पोहायला शिकवणारी. मी अजून तिच्या नंबरावर फोन लावायला जाते आणि अर्ध्यात थांबते. ते असो, सांगायचं होतं ते नोव्हेंबरचं.

बारा तारखेला अंधारून आलेल्या दुपारी मी मांस-बटाटा-सलगम भरलेल्या चार पास्ट्या फडक्यात गुंडाळून भावोजींकडे गेले. पंधराला हरणांच्या शिकारीचा सीझन सुरू होतो, म्हटलं काडतुसं कुठवर आलीत तेही बघते. वर कुणी नव्हतं. तळघरात दिवा होता. भावोजी बाकाशी बसले होते, हात मांडीवर, पुढ्यात काडतुसं, आणि ते त्यांच्याकडे बघत होते.

"जेवलात का?" मी विचारलं.

"आयली, नव्व्याण्णव म्हणजे शंभर नव्हे ना?"

"शाळेत तरी तसंच शिकवायचे."

"मग बस इथं."

त्यांची एक सवय होती. शंभर काडतुसांची दारू ते आधीच तोलून मापाच्या भांड्यात ओतायचे. शंभरावी नळी भरली की भांडं रिकामं झालंच पाहिजे. दरवर्षी व्हायचं. या वर्षी ते नव्व्याण्णवाव्या नळीशीच रिकामं झालं. एक माप दारू कुठंतरी जास्तीची गेली होती. दुसरी पन्नास अजून फळीवर उघडीच होती, ती त्यांनी मला दाखवली. मी डोकावून पाहिलं, एकोणपन्नास सारख्या, एक रिकामी. पण पहिल्या पन्नासांवर गोळ्या बसून गेल्या होत्या. ती डब्यात होती, बंद.

"सांडली असेल," मी म्हटलं.

"मी सांडत नाही."

"माणूस आहात, सांडली असेल."

"फरशी झाडली. बाक पुसलं. एक दाणा नाही मिळाला." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "या पन्नासातल्या कशात तरी दोनदा पडलीय."

"तोलून बघा की मग."

त्यांनी मान हलवली. ते करून झालं होतं. ओतीव गोळ्या काही साच्यातून सारख्या वजनाच्या निघत नाहीत, आणि पितळी नळ्या तर पाच कारखान्यांच्या, कुठली जाड, कुठली पातळ. मापभर दारूचं वजन त्या गोंधळात कुठल्या कुठं हरवतं. एक काडतूस जड लागलं म्हणून वेगळं काढलं, तर दुसरं त्याच्याहून जड निघालं. त्यांनी बाकावर सात वेगळी काढली होती, मग त्यातली तीन परत टाकली होती, मग कुठली तीन ते विसरले होते.

"पण टॉर्च मारला नव्हता का?"

"मारला होता ना."

"कुणी?"

"हेल्मीनं."

मला वाटलं, जीभ घसरली. माझीही घसरते. मी म्हटलं, "कधी?"

"काल. याच वेळेला."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. हातात पास्ट्या तशाच. "भावोजी, ताई मार्चमध्ये गेली."

"मला माहीत आहे ती मार्चमध्ये गेली," ते चिडून म्हणाले. "खड्ड्याजवळ मीच उभा होतो ना? तू माझ्या शेजारी होतीस, तुझी टोपी उडाली."

"मग?"

"मग काय मग? बघितलं तिनं. पहिली ओळ बरोबर, दुसरी ओळ बरोबर, पाचही. मी ऐकलं आणि गोळ्या बसवल्या. मी काय न ऐकता बसवीन होय?"

माणूस भ्रमिष्ट झाला म्हणावं, तर टोपी उडालेली त्यांना आठवत होती आणि ती खरंच उडाली होती. थट्टा म्हणावी, तर भावोजी ताईवरून थट्टा करणारे नव्हेत. बरं, बाकी सगळं शाबूत. माझ्या गाडीचा डावा दिवा गेलाय हे त्यांनी मी फाटकात वळतानाच तळघराच्या खिडकीवर पडलेल्या उजेडावरून ओळखलं होतं. पास्टीचा एक घास खाऊन म्हणाले, सलगम कमी घातलास. खरंच कमी होता. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि माझंच डोकं फिरायला लागलं.

"दुकानातून आणू या वर्षी," मी शेवटी म्हटलं. "एक वर्ष. काय बिघडतं?"

"डेलला काय सांगायचं?"

डेल उन्हाळ्यापासून म्हणत होता, बाबा, घर विकू, ग्रीन बे शहरात आमच्याकडे चला, खालची खोली रिकामीच आहे. डेल वाईट नाही. आठवड्याला दोनदा फोन करतो. पण भावोजींना त्या घरातून उचललं, तर ते झाड उपटल्यासारखं होईल हे मला दिसत होतं. डेलला ते दर वेळी एकच उत्तर द्यायचे, "काडतुसं भरता येतात तोवर मी माझ्या घरात. ज्या वर्षी नाही आली, त्या वर्षी तूच ये आणि घेऊन जा." आता कॅम्पवर दुकानाची खोकी निघाली असती, तर डेल काही न बोलता सामान बांधायला लागला असता.

"मग फोडू," मी म्हटलं. "पन्नासही फोडू."

काडतूस उघडायला एक हातोडी असते, पोकळ डोक्याची. काडतूस आत अडकवायचं, ओंडक्यावर आपटायचं, दोन-तीन ठोक्यांत गोळी निसटते आणि दारू आत सांडते. भावोजी आपटत होते, मी ती दारू एकेक करून तराजूच्या ताटलीत ओतत होते. दर वेळी वाटायचं, हेच ते. काटा दर वेळी त्याच खुणेवर थांबायचा. विसावं, तिसावं. चाळिसाव्यानंतर मी घाबरणं सोडून दिलं आणि मला नुसता कंटाळा यायला लागला. पन्नासाव्यालाही काटा तिथंच. एकातही दोनदा पडलेली नव्हती.

मला हायसं वाटलं. भावोजींनी हातोडी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "म्हणजे तिनं बघितलंच होतं."

"म्हणजे काही नाही. म्हणजे तुमचं तोलताना चुकलं."

"पाचही ओळी बरोबर म्हणाली. पाचही बरोबर निघाल्या."

"भावोजी, असं कुठं सिद्ध होतं का काही?"

"तूच तोललंस ना?" ते म्हणाले. ती मापभर दारू कुठं गेली ते आजतागायत मला कळलेलं नाही.

फळीवरची पन्नास आधी पुरी केली, आता ही फोडलेली पन्नास परत भरायची होती. बघायला मी. दुसरं होतंच कोण? भावोजींनी नळ्या फळीत उभ्या केल्या, दारू सोडली, पाचही ओळी. मी टॉर्च घेतला. पहिल्या ओळीच्या दहाही नळ्यांत मी डोळा जवळ नेऊन पाहिलं, करडे दाणे, सगळीकडे तेवढ्याच खोलीवर. "पहिली ओळ बरोबर." भावोजींनी गोळ्या बसवल्या. दुसरी ओळ. "बरोबर." मला ते काम आवडायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू. ताईला यात काय वाटत असेल ते चाळीस वर्षांनी कळत होतं.

तेवढ्यात भावोजी गोळ्यांच्या डब्यात हात घालत म्हणाले, "हेल्मी, तिसरी नीट बघ गं. दिव्याची सावली पडते तिथं."

सहज म्हणाले. मान वरही केली नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. चेहरा इतका स्वस्थ होता की मार्चपासून तो तसा मी पाहिलाच नव्हता. टॉर्च माझ्या हातात होता, उजेड कुठंतरी बाकावर पडला होता. मी खाली बघितलं का? बघितलं असणार. फळी मला दिसत होती. पण तिसऱ्या ओळीत मी डोकावले, की दुसऱ्याच ओळीत परत डोकावले, की नुसतीच वाकले, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

"बरोबर?" त्यांनी विचारलं.

"बरोबर," मी म्हटलं.

आणि ते गोळ्या बसवायला लागले. एक, दोन, तीन. थांबवायला हवं होतं. पण थांबवलं असतं तर विचारलं असतं, का, आणि मग सांगावं लागलं असतं, तुम्ही मला ताई समजलात म्हणून. सातवी बसली. दहावी बसली. चौथी आणि पाचवी ओळ मी अशी बघितली की डोळ्यांना पाणी आलं. तिसरी ओळ बंद झाली होती.

डबे भरताना मी मुद्दाम पुढं झाले. तिसऱ्या ओळीची दहा माझ्या डब्यात डाव्या बाजूला, चौथीची दहा उजवीकडे. बाकी चौघांच्या डब्यांत माझ्या डोळ्यांखालून नीट गेलेलीच काडतुसं होती, याची मी खात्री केली. डाव्या बाजूची दहा मी झाडणार नव्हते. माझ्यापुरता प्रश्न मी मिटवला होता, असं मला वाटलं.

चौदा तारखेला संध्याकाळी आम्ही कॅम्पवर जमलो. चूल पेटली, वेसनं कॉफी चढवली, गॉर्डीनं आपल्या बुटांबद्दल तक्रार केली, म्हणजे सगळं नेहमीसारखं. मग भावोजींनी डबे मांडले. दरवर्षी काडतुसं वाटण्याआधी ते एकेक फडक्यानं पुसतात, गोळीवरचं मेण बोटांना लागू नये म्हणून. एक डबा टेबलावर ओतायचा, वीसही पुसायची, परत भरायची, मग दुसरा. हे मी सव्वीस वर्षं बघत आले होते आणि नेमकं विसरले होते. मी माझा डबा धरायला हात पुढं केला, तोवर त्यांनी तो टेबलावर ओतला होता. डावीकडची, उजवीकडची, सगळी एक झाली.

"काय गं मावशी, भूत बघितलंस का?" डेलनं विचारलं.

"तुझे मोजे बघितले."

सगळे हसले. भावोजींनी माझा डबा माझ्यापुढं सरकवला. "वीस," ते म्हणाले. डेल बापाच्या हातांकडे बघत होता. ते हात स्थिर होते. मी पाहिलं, डेलनं तेही पाहिलं, आणि त्याच्या खांद्यांवरचा ताण कमी झाला.

सकाळी मी माझ्या दगडाशी बसले होते, देवदारांच्या दलदलीच्या कडेला. भावोजी डावीकडच्या उंचवट्यावर, दीडशे पावलांवर, त्यांचं नारिंगी जाकीट झाडांतून दिसत होतं. डेल ओढ्यापलीकडे. रायफलमध्ये पाच काडतुसं होती. ती पाच कुठल्या ओळीची ते मला माहीत नव्हतं. काल रात्रभर मी स्वतःला सांगत होते, तू बघितलंस, नक्की बघितलंस. मग सांगत होते, बघितलं नसलंस तरी भावोजींनी दोनदा कशाला ओतली असेल, पहिल्या वेळी तरी कुठं ओतली होती? मग ती हरवलेली मापभर दारू आठवायची आणि सगळं पहिल्यापासून. उजाडेपर्यंत माझं मलाच कळेना की मला भावोजींवर भरवसा नाही, की माझ्यावर.

साडेसातच्या सुमाराला नर आला. आठ टोकांची शिंगं, मान जाड, नाक जमिनीला लावून सरळ माझ्याकडे. चाळीस पावलांवर आडवा उभा राहिला. इतकी सोपी संधी मला सव्वीस वर्षांत तीनदा मिळाली असेल. मी रायफल गालाला लावली, घोडा मागे ओढून ठेवला. गाल लाकडाला टेकला आणि मला फक्त एवढंच आठवत राहिलं की माझ्या डोळ्यापासून चार बोटांवर ते काडतूस आहे आणि त्यात काय आहे ते मला माहीत नाही. तो नर उभा होता. मग चालायला लागला. मग दलदलीत शिरला. मी घोडा हळूच खाली घेतला.

थोड्या वेळानं बर्फात पावलं वाजली. भावोजी आपली जागा सोडून येत होते. सकाळच्या वेळी जागा सोडायची नाही, हा त्यांचाच नियम.

"तुझ्या पुढ्यातून गेला," ते म्हणाले. "आठ टोकांचा."

"दिसला नाही मला."

"तू रायफल लावलीस. मी वरून बघत होतो."

त्यांनी हात पुढं केला. मी रायफल दिली, दुसरं काय करणार? त्यांनी लिव्हर खाली केली नाही, काडतूस काढलं नाही. तसेच वळले, पंधरा पावलांवरच्या सडक्या ओंडक्याकडे. मी त्यांची बाही धरली. "नको भावोजी."

"सोड."

"नको म्हणते ना."

त्यांनी माझी बोटं सोडवली आणि बार काढला. नेहमीसारखा आवाज. ओंडक्याचा भुसा उडाला. खांदा नेहमीएवढाच मागे गेला. त्यांनी लिव्हर ओढली, रिकामी नळी उचलून कडेनं, बुडाशी निरखून पाहिली.

"बरोबर होतं," ते म्हणाले.

"हो."

"मग का झाडलं नाहीस? डेल काही म्हणाला का तुला? माझ्याबद्दल?"

तेव्हा मला राहवलं नाही. "तिसरी ओळ मी बघितली नव्हती, भावोजी. म्हणजे बघितली असेल. मला आठवत नाही."

"तू बरोबर म्हणालीस."

"म्हणाले."

"न बघता?" त्यांचा आवाज चढला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. "न बघता बरोबर म्हणायचं असतं होय ते? हेल्मीला एकदा एकशे दोन ताप होता. तशी खाली आली, एकेक नळी बघितली, दोन ओळी झाल्यावर म्हणाली, मला दोन दिसतायत तौनो, आज नको. तुला सांगता आलं नाही, परत बघते म्हणून? एवढं काय जड होतं?"

"तुम्ही मला हेल्मी म्हणालात."

ते थांबले. "मी?"

"हेल्मी, तिसरी नीट बघ गं, सावली पडते. असं म्हणालात. आणि माझ्यानं पुढं काही बघवलं नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला दिसत होतं, ते ती दुपार शोधत होते. तळघर, फळी, टॉर्च, माझा हात. सगळं सापडत होतं आणि हे एवढं सापडत नव्हतं. ताईला ऐकलं ते पक्कं आठवत होतं आणि मला ताई म्हणाले ते काहीच नाही. माझा सगळा राग गेला. मला नुसतं रडायला आलं आणि मी रडले, लपवलं नाही.

भावोजींनी माझी रायफल माझ्या हातात दिली. मग खांद्यावरची स्वतःची उतरवली, लिव्हर खालीवर केली. एकेक काडतूस बर्फात पडलं. पाचही उचलून त्यांनी टोपीत टाकली.

"तुझीही काढ," ते म्हणाले. मी काढली. "चल. डेलनं झाडायच्या आत गाठू त्याला. मग वेस, मग गॉर्डी."

"पण त्यांची ठीक आहेत, भावोजी. त्यांची मी नीट बघितलीत. आणि ती पन्नास आपण फोडली, तोलली, एकही..."

"आयली, नक्की काय बघितलं आणि काय नाही, हे मला सांगता येणार नाही. तुला येईल?"

आम्ही उतारावरून निघालो. गुडघाभर बर्फ, ते पुढे, टोपी छातीशी धरलेली, मी मागे. ओढा दिसायला लागला तेवढ्यात पलीकडून बार झाला.

भावोजी जागच्या जागी उभे राहिले. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला की हातमोज्यातूनही दुखलं. मी आवाज मनात परत ऐकत होते. नेहमीसारखा होता का? मोठा होता का? डोंगराला आपटून आला होता, कळत नव्हतं.

मग डेलची हाक आली. "बाबा! आठ टोकांचा! खाली आला!" आवाजात लहानपणचा डेल होता.

भावोजींनी माझा हात सोडला. ओढ्याच्या कडेला एक पडलेलं झाड होतं, त्याच्यावर ते बसले. डेल झाडांतून हात हलवत येताना दिसत होता.

"त्याला तू सांग," भावोजी म्हणाले. "मी सांगितलं तर अर्धंच सांगेन, आणि उरलेलं अर्धं मला माहीत नाही."

"काय सांगू?"

"खालची खोली रिकामी आहे का अजून, ते विचार."